झडपेची मोजणी

माझ्या हृदयातल्या एका झडपेचं क्षेत्र लातूरला ०.७८ चौरस सेंटिमीटर भरलं आणि छत्रपती संभाजीनगरला १.०५. मधल्या काळात झडप काही वाढली नव्हती. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. एकाच गटाच्या दोन मोजण्यांत एवढी तफावत आली तर आमच्याकडं प्रकरण सरळ अपिलात जातं. इथं अपील कुणाकडं करायचं? आणि फरक नुसत्या आकड्याचा नव्हता. क्षेत्र १ च्या खाली गेलं की रिपोर्टात ‘सिव्हिअर’ लिहितात, वर राहिलं की ‘मॉडरेट’. एका शब्दाला छाती उघडायची, दुसऱ्याला वर्षानं पुन्हा दाखवायला यायचं.

सुरुवात धारूर तालुक्यात झाली. बालाघाटाच्या चढाचं रान, नुकतीच नांगरट झालेली, पायाखाली ढेकळं. दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती, त्यामुळं दोन्हीकडची माणसं हाताची घडी घालून बांधावर उभी. रोव्हरची, म्हणजे उपग्रहावरनं जागा टिपणाऱ्या यंत्राची, काठी घेऊन वरच्या कोपऱ्यातल्या दगडाकडं निघालो आणि चढ संपता संपता डोळ्यापुढं अंधारी आली. पडलो नाही, काठीला धरून खाली बसलो. दम तर वर्षभर लागतच होता, पण तो वयाच्या खात्यावर जमा होता. आमचा शिपाई पळत आला. “बसा की वो साहेब, उठू नका. तोंड बघा कसं पांढरं पडलंय.” कुणी पित्त म्हणलं, कुणी उपाशी आलात म्हणलं. दोघांतल्या थोरल्या भावानं खिशातनं गोळ्यांची पट्टी काढली. “आमच्या बापाची हाय. जिभंखाली धरा, लगेच फरक पडतो.” मी नको म्हणलं ते फक्त दुसऱ्याच्या बापाचं औषध घ्यायची सवय नाही म्हणून. पुढं डॉक्टरांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकून बसले. महाधमनीची झडप, म्हणजे हृदयातनं शरीराकडं रक्त जातं तिथली झडप, अरुंद झालेल्या माणसाला ती सॉर्बिट्रेटची गोळी दिली तर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. गावोगावी लोक ती खिशात घेऊन हिंडतात आणि छाती धरलेल्या कुणालाही देतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

अंबाजोगाईतल्या आमच्या फिजिशियननी स्टेथोस्कोप छातीच्या उजव्या बाजूला वर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग मानेला लावला. श्वास सोडून थांबायला सांगितलं, पुढं वाकून बसवलं, मनगटाची नाडी धरून बसले. “शाळेत असताना कुणी सांगितलं होतं का, छातीत आवाज आहे म्हणून?” आमच्या शाळेत तपासणीला येणारा माणूस जीभ बघायचा आणि नखं बघायचा, संपलं. डॉक्टरांनी कागदावर टू-डी इको लिहिला, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय बघायची तपासणी. माझ्या हातात कर्मचाऱ्यांच्या आरोग्य तपासणीचं एक पॅकेज होतं, त्यात ट्रेडमिलची टेस्ट धरलेली होती. त्यांनी पेनानं तिच्यावर काट मारली. “चालताना अंधारी येतेय आणि झडपेचा आवाज येतोय. अशा माणसाला पट्ट्यावर पळवायचं नसतं. आधी झडप बघू.”

लातूरला, रेणापूर मार्गे, सकाळच्या गाडीनं गेलो. इको कसा करतात हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खोलीत अंधार असतो. डाव्या कुशीवर झोपवतात, डावा हात डोक्याखाली. छातीला ईसीजीचे तीन स्टिकर. मग थंडगार जेल आणि बरगड्यांच्या मधल्या खाचेत प्रोब. प्रोब हलका ठेवतील असं वाटतं, पण चांगला दाबतात; दुसऱ्या दिवशी तिथं दुखत होतं. पडद्यावर करड्या रंगात काहीतरी उघडझाप करत असतं, मग त्यावर लाल-निळे रंग येतात, मग आवाज येतो. तो आवाज आपल्या रक्ताचा असतो हे कळल्यावर मी मान वळवून बघायला लागलो, तर डॉक्टर म्हणाले, “हलू नका, विंडो जाते.” विंडो म्हणजे बरगड्या आणि फुप्फुसाची हवा चुकवून हृदय दिसेल अशी जागा. माझी विंडो चांगली नव्हती. दोन बरगड्यांतली फट अरुंद, त्यात पोट सुटलेलं.

या तपासणीचा जन्म आमच्यासारख्या झडपवाल्यांसाठीच झाला, हे मला नंतर वाचनात आलं. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथं इंगे एडलर नावाच्या हृदयतज्ज्ञाला ऑपरेशनाच्या आधी माइट्रल झडपेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची, अवस्था कळायला हवी होती. हेलमुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञ मित्रानं त्याच्यासाठी माल्मोच्या जहाज कारखान्यातनं एक यंत्र उसनं आणलं. पोलादात आत कुठं भेग आहे का, हे ध्वनिलहरींनी शोधायचं ते यंत्र. दोघांनी ते माणसाच्या छातीला लावून बघितलं.

लातूरच्या रिपोर्टात लिहिलं होतं: महाधमनीच्या झडपेवर बरंच कॅल्शियम, रक्ताचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ३.७ मीटर, सरासरी ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडं-पलीकडंच्या दाबातला फरक, ३३, क्षेत्र ०.७८, हृदयाचं आकुंचन चांगलं. खाली ठळक अक्षरात सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस, म्हणजे महाधमनीची झडप फार अरुंद. सिव्हिअरची व्याख्या तीन आकड्यांवर असते: वेग ४ किंवा जास्त, सरासरी ग्रेडियंट ४० किंवा जास्त, क्षेत्र १ किंवा कमी. माझे पहिले दोन आकडे मॉडरेटमध्ये आणि तिसरा सिव्हिअरमध्ये. सातबारा आणि नकाशा जुळत नाही तसं. मी विचारलं, पण बाहेर पेशंटची रांग होती आणि उत्तर आलं ते “मोठ्या सेंटरला दाखवून घ्या” एवढंच.

घरी ‘कॅल्शियम’ या शब्दानं गोंधळ घातला. बायकोनं रात्रीचं दूध बंद केलं. “अहो, रिपोर्टातच लिहिलंय ना कॅल्शियम साचलंय म्हणून? मग दूध कशाला?” मेहुण्यानं परळीहून फोन करून सांगितलं, अनशापोटी लिंबूपाणी घ्या, मुतखडा विरघळतो तसं हेही विरघळतं. पुढं डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी मोडीत काढल्या. झडपेवरचं कॅल्शियम खाण्यातनं येत नाही. वर्षानुवर्षं रक्ताच्या धक्क्यानं झिजलेल्या पाकळीवर शरीर स्वतःच ते चढवतं, जवळपास हाड तयार होतं तसं. आणि ते विरघळवणारं औषध अजून निघालेलं नाही. दूध सुरू झालं. लिंबूपाणी मेहुण्याच्या समाधानासाठी आठवडाभर घेतलं.

बीड, गेवराई, पाचोड करत संभाजीनगरला पोहोचलो. धाकटा भाऊ बरोबर होता. तिथं आधी एका तरुण डॉक्टरनं इको केला आणि त्याच्या हातून क्षेत्र आलं १.०५, मॉडरेट. भावाचा चेहरा खुलला. “दादा, चला, सुटलो.” मला मात्र सुटल्यासारखं वाटेना. मी दोन्ही रिपोर्ट मांडीवर घेऊन ओळीनं आकडे जुळवत बसलो. वेग दोन्हीकडं ३.७. ग्रेडियंट जवळजवळ तोच. मग क्षेत्र कसं फिरलं? बारीक अक्षरात एक ओळ सापडली, एल.व्ही.ओ.टी. लातूरला १.९, इथं २.२.

मोठ्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांच्यापुढं मी दोन्ही कागद ठेवले आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं. “काय करता तुम्ही?” सांगितलं. “मग तुम्हाला समजेल,” म्हणाल्या आणि केसपेपरच्या पाठीवर आकृती काढली.

इकोमध्ये झडपेचं भोक कुणी थेट मोजत नाही. जेवढं रक्त झडपेच्या अलीकडच्या वाटेतनं जातं तेवढंच झडपेतनं जातं, एवढ्या एका गोष्टीवर गणित उभं आहे. अलीकडच्या वाटेचं क्षेत्र काढायचं, एका ठोक्यात रक्त तिथं किती अंतर धावतं आणि झडपेतनं किती धावतं यांचं गुणोत्तर घ्यायचं, गुणायचं, की झडपेचं क्षेत्र निघतं. अलीकडची ती वाट म्हणजे एल.व्ही.ओ.टी. तिचा व्यास पडद्यावर दोन टिंबं ठेवून मोजतात आणि वाट गोल आहे असं धरून त्याचा वर्ग करतात. व्यास १.९ धरला तर वाटेचं क्षेत्र २.८४, २.२ धरला तर ३.८०. तीन मिलिमीटरची गोष्ट, पण वर्ग झाल्यामुळं क्षेत्र एक तृतीयांशानं वाढतं. माझ्या बाबतीत ते गुणोत्तर २२ भागिले ८०. केसपेपरवरच मी दोन्ही गुणाकार केले. ०.७८ आणि १.०५, तंतोतंत. म्हणजे दोन्ही डॉक्टरांचं गणित बरोबर होतं. टिंब कुठं ठेवलं, एवढाच फरक.

“तुमची झडप बदललेली नाही,” मॅडम म्हणाल्या, “मोजणारा बदललाय.” हे वाक्य मी शेतकऱ्यांना किती वेळा ऐकवलं असेल!

त्यांनी मला परत खोलीत नेलं आणि या वेळी स्वतः बसल्या. नेहमीचा प्रोब बाजूला ठेवून एक बारीक, पेनासारखा प्रोब घेतला. त्यात चित्र येत नाही, नुसता वेग येतो. मला उजव्या कुशीवर वळवलं आणि तो छातीच्या उजव्या कडेला धरला, मग गळ्याखालच्या खळगीत. कारण विचारलं. रक्ताच्या धारेच्या रेषेत प्रोब आला तरच खरा वेग मिळतो. तिरका धरला की वेग कमी दिसतो. कोनामुळं आकडा खाली येतो, वर कधीच जात नाही. म्हणून चार जागांवरनं बघायचं आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा. उजव्या बाजूनं बघितल्यावर ३.७ चा ३.९ झाला, सरासरी ग्रेडियंट ३८. वेगाचा वर्ग करून चारनं गुणलं की झडपेच्या अलीकडं-पलीकडंचा सर्वांत मोठा दाबफरक निघतो: ३.९ चा ६१. हे सूत्र इतकं सोपं आहे की मला आधी खरंच वाटेना. आणि ज्या ख्रिस्तियन डॉपलरच्या १८४२ च्या तत्त्वावर हा वेग मोजतात तो प्रागला गणित आणि व्यावहारिक भूमिती शिकवायचा. म्हणजे आमच्याच भावकीतला.

नवा वेग धरून क्षेत्र आलं ०.९७. आता रेघेच्या खाली, पण केसभर. ग्रेडियंट अजून ४० च्या अलीकडंच. मॅडमनी कागदावर प्रश्नचिन्ह काढलं आणि टीईई लिहिला, म्हणजे घशातनं करायचा इको. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला टेकलेली असते. तिथनं बघितलं की बरगड्यांचा, फुप्फुसाचा अडथळाच उरत नाही.

टीईईच्या दिवसाबद्दल लोक फोनवर घाबरून विचारतात, म्हणून जरा सविस्तर. आदल्या रात्री जेवलो ते शेवटचं, सकाळी पाणीही नाही. आत गेल्यावर सिस्टरनं विचारलं, गिळताना कधी अडकतं का, दात हलतात का, कवळी आहे का. मग घशात सुन्न करणारा स्प्रे. कडू जहर. दोन मिनिटांत जीभ दुसऱ्याची असल्यासारखी वाटायला लागली आणि आवंढा गिळला की नाही तेच कळेना. शिरेतनं थोडं गुंगीचं औषध, माझ्यासारख्या पेशंटला ते बेतानंच देतात. डाव्या कुशीवर, हनुवटी छातीकडं, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं, म्हणजे नळी चावली जाऊ नये. नळी करंगळीएवढी जाड, काळी. सिस्टरनं खांदा धरला. “काका, गिळा. भाकरीचा घास गिळता तसं गिळा.” पहिल्या खेपेला उमासा आला, डोळ्यांतनं पाणी. दुसऱ्या खेपेला आत गेली. त्यानंतर दुखत नाही, पण आपल्या आत कुणीतरी काहीतरी फिरवतंय हे जाणवत राहतं. लाळ तोंडातनं गळत राहते, ती गळू द्यायची, गिळायची नाही. लाज वाटते, पण उशाला टॉवेल त्यासाठीच असतो. श्वास नाकानं घ्यायचा. मी सिस्टरच्या हातातल्या घड्याळाकडं बघत बसलो होतो, वेळ मात्र वाचता येत नव्हती. फार वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर घशाचा सुन्नपणा जाईपर्यंत दोनेक तास पाणी नाही, नाहीतर ते श्वासनलिकेत जातं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. भावानं खाली कँटीनमध्ये इडली सांगून ठेवली होती ती गार झाली.

मॅडमनी नंतर चित्र दाखवलं. ते मात्र बघण्यासारखं होतं. झडप समोरनं, नकाशासारखी. महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात आणि उघडल्यावर भोक तिकोनी दिसतं. मला दोनच होत्या. खरं तर दोन पाकळ्या जन्मापासून एकमेकींना चिकटलेल्या, मधे शिवण दिसत होती. हजारातल्या दहा-वीस जणांत अशी झडप असते आणि पुष्कळांना ती आहे हे पन्नाशीपर्यंत कळत नाही. दोनच पाकळ्यांवर सगळा ताण आला की त्या लवकर झिजतात, लवकर कडक होतात. तीन पाकळ्यांच्या माणसाला जे सत्तरीत होतं ते मला बावन्नाव्या वर्षी झालं. शाळेत छातीला कान लावला असता तर कदाचित कळलं असतं, पण कळूनही त्या वयात करायचं काही नव्हतं, असं मॅडम म्हणाल्या.

भोक म्हणजे एक आडवी फट होती. मॅडम माऊसनं तिच्या कडेकडेनं रेघ ओढत गेल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. कॅल्शियमचे गोळे पांढरे चमकत होते आणि त्यांच्यामागं काळी सावली पडली होती. ध्वनी कॅल्शियममधनं पलीकडं जात नाही. “इथं कड दिसत नाही. मी अंदाजानं रेघ ओढू का? ओढली तर ०.९ येईल. पण तो आकडा मी रिपोर्टात लिहिणार नाही.” मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो शब्दांत सांगता येत नाही. आमच्या खात्यात दगड सापडत नाही तिथं अंदाजानं रेघ ओढणारे पुष्कळ आहेत.

ज्या सावलीनं टीईईची अडचण केली तेच कॅल्शियम मग मोजायचं ठरलं. त्यासाठी सिटी स्कॅन. इंजेक्शन नाही, उपास नाही. हात डोक्यावर, छातीला ईसीजीचे स्टिकर, कारण यंत्र हृदयाच्या ठोक्याच्या ठरावीक क्षणाला फोटो घेतं. यंत्रातनं हिंदीत आवाज येतो, “साँस लीजिए, साँस रोकिए.” दहा सेकंदही नसतील. झालं म्हणल्यावर मी पडूनच राहिलो, एवढ्यात कसं झालं म्हणून.

निघतो तो ॲगॅट्स्टन स्कोअर, म्हणजे साचलेल्या कॅल्शियमचा आकडा. आर्थर ॲगॅट्स्टन यांनी १९९० मध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी तो मांडला, तोच हिशोब झडपेला लावतात. पुरुषांत २,००० च्या वर गेला तर झडप सिव्हिअर असण्याची शक्यता मोठी, ३,००० च्या वर तर जवळपास नक्की, १,६०० च्या खाली तर बहुधा नाही. बायकांसाठी रेघ १,२०० ला आहे. त्यांची झडप कमी कॅल्शियमनंही तेवढीच अरुंद होते. दोघांना एकच रेघ लावली असती तर कितीतरी बायका मॉडरेट म्हणून घरी परतल्या असत्या. माझा स्कोअर २,८४० आला.

हा आकडा मॅडमना का पटला ते मला पटलं. यात प्रोबचा कोन नाही, रक्ताचा वेग नाही, व्यासाचा वर्ग नाही. जे साचलंय ते मोजलं, बस. पण सगळ्यांना ही मोजणी चालत नाही. प्रतीक्षागृहात सेलूच्या एक मावशी शेजारी बसल्या होत्या. त्यांना लहानपणी घसा दुखून सांधे सुजायचे, त्यातनं संधिवाताच्या तापानं माइट्रल झडप आखडलेली. तशी झडप जाड होऊन चिकटते, तिच्यावर कॅल्शियम असतंच असं नाही, मग सिटीचा स्कोअर काय सांगणार? त्यांना टीईई होता तो वेगळ्याच कारणासाठी. डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गाठ नाही ना, ते बघायचं होतं. “गाठ नसली तर फुगा घालून उघडणार म्हणं. घाबरायचं काम नाही म्हणलेत,” असं त्याच मला सांगत होत्या, मी विचारलं नसताना. त्यांच्या पलीकडं परभणीचा एक पोरगा होता, त्याची झडप गळकी. किती रक्त मागं येतं ते इकोवर ठरेना म्हणून त्याला एमआरआयला पाठवलं होतं. एकाच बाकावर तिघं, झडपेचेच पेशंट, आणि तिघांना तीन यंत्रं.

नंतर एक सिटी अजून झाला, हा इंजेक्शनवाला. आधी क्रिएटिनिन बघितलं, कारण ते औषध किडनीतनं जातं. हाताला जाड सुई. औषध आत गेलं की छातीपासनं मांड्यांपर्यंत गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. टेक्निशियननं आधीच सांगून ठेवलं होतं, “झाल्यासारखं वाटेल, होत नाही.” त्यात माझ्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. दोन पाकळ्यांच्या माणसाची महाधमनी पुढं फुगण्याची शक्यता असते, ती ४१ मिलिमीटर भरली. ४५ च्या पुढं असती तर झडपेबरोबर तीही बदलण्याचा विचार करावा लागला असता.

याच स्कॅनवर एल.व्ही.ओ.टी.ची खरी आकृती दिसली. ती गोल नव्हतीच. २१ बाय २७, अंड्याच्या आकाराची. आता मला राहवेना. लंबगोलाचं क्षेत्र काढलं, ४.४५ आलं, ते मॅडमच्या सूत्रात घातलं आणि झडप झाली १.१४. पुन्हा मॉडरेट! सगळ्यात भारी यंत्रानं मोजलं तर मी सुटत होतो. कागद घेऊन मॅडमकडं गेलो.

त्या हसल्या. म्हणाल्या, हा हिशोब तुमच्या आधीही लोकांनी केलाय. १ ची रेघ ठरली ती इकोनं मोजलेल्या, व्यास गोल धरलेल्या हजारो पेशंटांवरनं. कोण जगलं, कोण नाही, ते वर्षानुवर्षं बघून. इकोचा व्यास थोडा कमी पडतो, ते त्या रेघेत आधीच धरलेलं आहे. सिटीचा व्यास घालायचा असेल तर रेघही सिटीची घ्यायची, ती १.२ ला आहे. माप एका यंत्राचं आणि हद्द दुसऱ्या यंत्राची, असं चालत नाही.

मी तिथं उभ्या उभ्या गप्प झालो. निजामाच्या काळातली टिपणं साखळीनं केलेली. त्यावर रोव्हरचा बिंदू नुसता नेऊन ठेवला की शेजाऱ्याच्या विहिरीवर हद्द जाते, हे मी नव्या पोरांना शिकवत आलोय.

मग सगळं एकत्र मांडलं: स्कोअर २,८४०, वेग ३.९, क्षेत्र दोन्ही रेघांच्या खाली, आणि सगळ्यात वर, चढावर आलेली अंधारी. मॅडम म्हणाल्या, अंधारी आली नसती तर हेच आकडे घेऊन थोडं थांबता आलं असतं. लक्षणं सुरू झाल्यावर थांबायचं नसतं. सर्जननी फाइल बघितली. माझ्या वयाला आणि दोन पाकळ्यांच्या झडपेला त्यांनी पायाच्या धमनीतनं नळीनं घालायच्या झडपेऐवजी उघडं ऑपरेशन सुचवलं. धातूची झडप घ्यायची तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि पुन्हा पुन्हा आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची, तपासणी. जनावराच्या पेशींची घ्यायची तर गोळीचा जाच कमी, पण दहा-पंधरा वर्षांनी परत बदलायची वेळ येऊ शकते. बाभळीच्या काट्यांत हिंडणाऱ्या माणसानं रक्त पातळ ठेवावं का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बायको धातूच्या बाजूनं आहे. “एकदाच काय ते करा, परत परत छाती उघडायला तुम्ही काय पेटी आहात?”

झडपेची ही ठेवण घराण्यात चालू शकते, म्हणून सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांनी एकदा इको करून घ्यावा असं सांगितलंय. मुलीचा झाला, तीन पाकळ्या. भाऊ टाळतोय. मला घेऊन दवाखाने हिंडताना कंटाळला नाही, पण स्वतःच्या छातीला जेल लावायचं म्हणलं की त्याला सोयाबीनची काढणी आठवते. मी वहिनीच्या कानावर घालून ठेवलंय.

सगळ्या तपासण्यांच्या सीडी मी मागून घेतल्या. काही ठिकाणी नुसता कागद हातात देतात आणि सीडी मागितली की तोंड वाकडं करतात. तरी मागायची. सर्जननी रिपोर्टाचा कागद बाजूला ठेवून सीडीच लावली होती.

ऑपरेशनाच्या आधी आता एकच काम राहिलंय आणि ते दातांचं आहे. किडक्या दातातले जंतू रक्तातनं जाऊन नव्या झडपेवर बसू शकतात, म्हणून दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय तारीख मिळत नाही. सोमवारी अंबाजोगाईत दाखवायचंय. खालच्या दोन दाढा काढाव्या लागतील असं दिसतंय.